चिमणीवर वाचवलेला पैसा कोणाच्या खिशातून जातो?

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री, तसेच महाराष्ट्राचे ऊर्जामंत्री आणि आरोग्यमंत्री यांस,



चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. वीज राज्यभर जाते. धूर आणि राख दुर्गापूर, ऊर्जानगर आणि शहराच्या वाट्याला राहते. भोवती कोळशाच्या खाणी आहेत, घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 सालीच चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत घातले. त्यामुळे इथली हवा कशी आहे, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. मला इथल्या घरखर्चाबद्दल लिहायचे आहे.

दम्याच्या माणसाला पंप रोज घ्यावा लागतो, बरे वाटत असले तरी. थंडीत हवा जड झाली की धाप वाढते. मग नेब्युलायझरची वाफ, एक्स-रे, डॉक्टरांची फी. त्यानेही भागले नाही तर नागपूर: गाडीभाडे, तिथले जेवणखाण, आणि रुग्णाबरोबर गेलेल्याचीही बुडालेली मजुरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने पाच लाखांचे संरक्षण दिले, त्याचे मोल मी मुळीच कमी मानत नाही. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. दर महिन्याचा पंप ज्याने त्याने विकत आणायचा. हातात पैसे नसले की पहिल्यांदा तोच सुटतो, आणि पंप सुटलेला माणूस भरती होण्याच्या वाटेला लागतो. थोडक्या पैशांत आजार आवरता येतो तेव्हा सरकार सोबत नसते. तो हाताबाहेर गेला की लाखो रुपये द्यायला तयार असते. ही रचना उलटी आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले 39 रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरतात, असे 2021-22 चे सरकारी आरोग्य लेखेच सांगतात.

आता चिमणीकडे येतो. कोळसा जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सूक्ष्म कण तयार होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. तो वायू अडवण्यासाठी डिसेंबर 2015 मध्ये नियम झाला, मुदत होती दोन वर्षांची. ती वारंवार वाढली. जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना हा वायू धुरातून काढून टाकणाऱ्या एफजीडी यंत्रणेतून सूटच मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्राजवळच्या केंद्रांचा निर्णय मात्र तज्ज्ञ समितीने एकेका प्रकरणाचा विचार करून घ्यायचा आहे. चंद्रपूर त्यांत येते.

यंत्रणा बसवली तर वीज महागेल, हे खरे आहे. तो बोजा राज्यभरच्या ग्राहकांत पैशापैशाने वाटला जाईल. न बसवल्यास जो खर्च होतो तो मात्र याच गावांतल्या, त्यातही रोजंदारीवरच्या घरांवर पडतो. औषधाच्या दुकानातली ती बिले वीजदराच्या कुठल्याच प्रस्तावात दिसत नाहीत, म्हणून चिमणी तशीच ठेवणे स्वस्त वाटते.

तेव्हा मागणी अशी. समितीने चंद्रपूरचा विचार करताना इथल्या श्वसनरुग्णांचा औषध, तपासणी आणि प्रवासाचा खर्च मोजून घ्यावा, आणि तो आकडा निर्णयासोबत जाहीर करावा. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केले आहे. त्यानुसार उद्योगांकडून वसूल होणाऱ्या रकमेतून जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पंप मोफत आणि बाराही महिने मिळावेत. यातल्या दुसऱ्या मागणीला समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या थंडीपूर्वी ती पुरी व्हावी.

आपला,
चंद्रपूरचा एक रहिवासी