द्रवणांकाचा भरवसा

अणुभट्टीविषयी जनतेला धीर देताना एक आकडा पुढे करणे फार सोपे असते. युरेनियम ऑक्साइडचे इंधन सुमारे २८०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, हा तो आकडा. तो खरा आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

कारण इंधन भट्टीत एकटे नसते. ते झिर्कोनियमच्या नळ्यांत भरलेले असते आणि शेजारी पोलाद व नियंत्रक दांडे असतात. सोनार दागिना सांधताना वापरतो तो डाख सोन्याच्या आधी वितळतो; मिश्रण आपल्या घटकांपेक्षा कमी उष्णतेवर पातळ होऊ शकते, ही गोष्ट सराफकट्ट्याला नवी नाही. भट्टीतही तेच घडते. पोलाद आणि झिर्कोनियम यांची गाठ पडली की साडेनऊशे अंशांच्या सुमारासच त्यांचा रस होऊ लागतो. पुढे वितळलेले झिर्कोनियम इंधनालाच विरघळवू लागते, आणि तेही इंधनाच्या स्वतःच्या द्रवणांकाच्या कितीतरी अलीकडे. शिवाय १२०० अंशांच्या वर झिर्कोनियमची वाफेशी होणारी प्रक्रिया झपाट्याने वाढते. ती स्वतःच उष्णता देते आणि हायड्रोजन सोडते. भट्टी निववायला पाण्यावाचून गत्यंतर नाही, पण तेच पाणी काही काळ आगीत तेल ठरते.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत हे सारे घडले. तेथील नियंत्रक दांडे चांदी, इंडियम व कॅडमियमचे होते; ते तर ८०० अंशांच्या आसपासच वितळतात. तरीही गाभा मोडला असेल, फारसा वितळला नसेल, अशीच समजूत पुढे कित्येक वर्षे प्रचलित होती. १९८२ मध्ये आत कॅमेरा सोडला तेव्हा गाभ्याच्या वरच्या भागात पोकळी दिसली. १९८५ मध्ये तळाशी साचलेला राडा दिसला. गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला होता. साफसफाईला सुमारे १०० कोटी डॉलर लागले. स्वस्त विजेच्या हिशेबात ही रक्कम कोणत्या रकान्यात मांडायची?

जपानमध्ये फुकुशिमा येथे २०११ साली तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. तेथील राडा सुमारे ८८० टन असावा असा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा पहिला नमुना बाहेर आला, तो एक ग्रॅमही भरला नाही.

तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या दोन भट्ट्या फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही इंधनाचे आवरण झिर्कोनियमच्याच मिश्रधातूचे असते. वितळणाऱ्या गाभ्याचे रसायन उलगडणारे प्रयोग जर्मनीत कार्ल्सरूह येथे झाले आणि त्यांचे निष्कर्ष जगापुढे आले. आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यापासून या क्षेत्राला गुप्ततेची सवय जडली आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने अपघाताविषयी विचारले तर त्याला एका द्रवणांकावर वाटेला लावले जाऊ नये. भट्टीनिहाय अपघातांची गणिते, किती हायड्रोजन निघेल आणि तो कोठे साठेल यांसह, मराठीतून छापून तेथील ग्रामपंचायतींपुढे व कामगार संघटनांपुढे ठेवली गेली पाहिजेत.