म्हातारपण आणि मतपेटी

अमेरिकेत मुलाकडे निघालेले एक आजोबा परवा तपासणीसाठी आले. म्हणाले, "डॉक्टर, एवढा श्रीमंत देश, औषधपाणी फुकटच असेल!"

तसे नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली सर्वांसाठी आरोग्य विम्याची योजना मांडली. तिला कडवा विरोध केला तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेने! प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर मागून प्रचार केला. योजना बारगळली. १९६४ च्या निवडणुकीत मतदारांनी जॉन्सन व त्यांच्या पक्षाला भरघोस बहुमत दिले, तेव्हा कुठे १९६५ मध्ये ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' आले.

डॉक्टर म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. संघटना जरूर असावी, पण ती रोग्याच्या आड येऊ नये.

वाचकहो, आरोग्य मतपेटीतूनही येते. मत मागायला येणाऱ्याला रस्त्याबरोबरच विचारा, आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषधे आहेत का?

आजोबांना मात्र बजावले, मेडिकेअर पाहुण्यांसाठी नाही. निघण्यापूर्वी प्रवासाचा विमा काढा आणि रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा न्या.