मोटरची पेटी आणि पासवर्ड १२३४

जुन्नर-आंबेगावात मोबाईलवर चालणारी सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी मोबाईल स्टार्टरचं नाव घेईन. विहिरीवर किंवा नदीकाठी पेटी, पेटीत सिमकार्ड. घरून फोन लावायचा, पेटी फोन उचलते, बटण दाबलं की मोटर चालू. शहरातल्या मित्रांना यात काय विशेष ते कळणार नाही. पण थ्री फेज लाईट रात्रपाळीची असते आणि उसात बिबट्या असतो. रात्री एक वाजता हातात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी ऊस आहे त्याला विचारा. तेव्हा ही पेटी म्हणजे चैन नाही.

म्हणूनच मित्रांनो, या पेटीच्या कुलपाबद्दल बोलायला हवं. मी पाहिलेल्या बहुतेक पेट्यांचा पासवर्ड कंपनीतून आला तोच, म्हणजे १२३४. बसवणारा तो बदलत नाही आणि शेतकऱ्याला असा काही पासवर्ड असतो हेच ठाऊक नसतं. काही पेट्या तर कुठल्याही नंबरवरून आलेला फोन उचलतात. सिम पुण्याला कामाला असलेल्या पुतण्याच्या नावावर. पेटीचा नंबर भावकीत, वाटेकऱ्याकडे, वायरमनकडे. आणि बांधावरून भांडण नसलेली भावकी मी तरी अजून पाहिलेली नाही! पूर्वी राग आला की पाईप फोडायला निदान शेतापर्यंत चालत जावं लागे. विहिरीत पाणी नसताना कुणी मोटर चालू ठेवली आणि ड्राय रनची सोय नसली, तर मोटर जळते. तेही परवडलं. पण फूटव्हॉल्व काढायला माणूस पाण्यात उतरलाय आणि तिकडून कुणीतरी बटण दाबलं, तर? आमचे काका आधी फ्यूज काढून खिशात घालतात, मगच पाण्यात उतरतात. त्यांनी सायबर सिक्युरिटीचा पेपर दिलेला नाही.

कॅमेऱ्यांचंही तेच. बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर, अंगणात कॅमेरे आले. बिबट्या महिन्यातून एखाद्या रात्री दिसतो. बाकीचे दिवस कॅमेरा घरातल्या बाया कधी शेतात गेल्या, घराला कुलूप किती वाजता लागलं, हे इमानदारीने दाखवत असतो. कुणाला? ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेल्या साठेक पासवर्डांच्या यादीवर जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्या फौजेच्या हल्ल्याने ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास आडव्या झाल्या.

आता खुद्द बिबट्याकडे येऊ. हॉस्टेलवर नेहमी वाद होतो, की सगळ्या बिबट्यांना कॉलर लावा आणि लाईव्ह लोकेशन गावाच्या ग्रुपवर टाका. कॉलरचा उपयोग आहे, यात शंका नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' माळशेज घाटात सोडला आणि महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या जंगलाशी पोहोचला, हे कॉलरमुळेच कळलं. पण २०१३ साली मध्य प्रदेशातल्या कॉलर लावलेल्या एका वाघाचं लोकेशन ज्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येत होतं, ते खातं उघडण्याचा प्रयत्न झाला. कुठून? आपल्या पुण्यातून! सर्व्हरने तो अडवला म्हणून बरं. गावाच्या ग्रुपवर टाकलेला ठिपका फासे लावणाऱ्यालाही दिसणारच की. शिवाय कॉलर नसलेला बिबट्या त्या ग्रुपवर दिसत नाही, आणि 'आज इकडे नाही' म्हणून पोर बिनधास्त शेतात जाईल. माझं मत असं, की वस्तीला भोंगा वाजवून सावध करा, नेमकं ठिकाण वनखात्याकडेच राहू द्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा माणसांच्या माहितीचा आहे. बिबट्याला तो लागू नाही, आणि घरगुती वापराला त्यात सूट असल्याने अंगणातल्या कॅमेऱ्यालाही सहसा नाही.

आणि आपले प्रोजेक्ट? दरवर्षी 'स्मार्ट इरिगेशन' असतंच. डेमो लवकर व्हावा म्हणून आपण एमक्यूटीटीचा फुकटचा सार्वजनिक सर्व्हर वापरतो. तिथे टॉपिकच्या जागी नुसतं हॅशचं चिन्ह टाकलं की येणारे-जाणारे सगळ्यांचे संदेश वाचता येतात, आणि टॉपिकचं नाव कळलं की 'मोटर ऑन' पाठवताही येतं. शिकायला ठीक आहे. पण तोच कोड पुढे मामाच्या विहिरीवर बसतो! सरांना विनंती आहे, व्हायव्हात एवढं जरूर विचारा: ही मोटर तुझ्याशिवाय आणखी कोण चालू करू शकतो? उत्तर आलं नाही तर मार्क कापा. पोरं शिव्या देतील, देऊ द्या.

सुट्टीत घरी जाल तेव्हा अर्धा तास काढा. पासवर्ड बदला, घरच्या तीन-चार नंबरांशिवाय बाकीचे बंद करा, सिम आपल्या नावावर करून घ्या. आणि सिमचा नंबर पेटीच्या झाकणावर ऑइल पेंटने लिहिलेला असेल, तर तोही खरवडून काढा.