कोलेस्टेरॉल: गुग्गुळाचे खंडन, इसबगोलाचे मंडन

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी वनस्पतिज द्रव्यांचा कैवार घेणारे सहसा तीन मुद्दे मांडतात. गोळी म्हणजे रसायन आणि वनस्पती म्हणजे निसर्ग; ही द्रव्ये शतकानुशतकांच्या वापराने पारखलेली आहेत; आणि त्यांनी रक्तवाहिन्यांत साचलेला मळ धुऊन निघतो. यातला एकही मुद्दा तपासाला टिकत नाही. मात्र त्यामुळे वनस्पती निकामी ठरत नाहीत.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देता येते. लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन वर्गातले औषध मुळात बुरशीतून मिळाले. चीनमधल्या आंबवलेल्या लाल तांदळातला ‘मोनाकोलिन के’ हा घटक म्हणजे तोच रेणू. तो निसर्गाच्या नावाने घेतल्याने स्नायूंच्या दुखण्याचा धोका टळत नाही; उलट मात्रा दर उत्पादनात वेगळी निघते.

दुसऱ्या मुद्द्याचे ठळक उदाहरण गुग्गुळाचे. सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या (मेद वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. त्यांचा प्रबंध 1966 चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाच्या राळेपासून गुग्गुलिपिड तयार केले आणि ते औषध म्हणून बाजारात आले. भारतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. परंतु 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, तिच्यात गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल 4 ते 5 टक्के वाढले आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे 5 टक्के घटले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. अमेरिकी आहार वेगळा, म्हणून ही चाचणी इथे लागू नाही, असा आक्षेप येतो. मग 2009 च्या नॉर्वेतल्या चाचणीतही एलडीएलमध्ये लक्षणीय फरक का पडला नाही? शास्त्रोक्त शुद्ध गुग्गुळ निराळा, हा बचाव तर उलटतोच: मग त्याचा अर्क विकताना परंपरेची साक्ष काढता येत नाही. शिवाय मेदोरोग आणि वाढलेले एलडीएल एकच, हे कोणी सिद्ध केलेले नाही. लसणाचीही गत फारशी वेगळी नाही. 2007 च्या स्टॅनफर्डच्या चाचणीत 192 जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाची भुकटी, मुरवलेल्या लसणाचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली. एलडीएल कोणत्याच गटात हलले नाही.

तिसरा मुद्दा शरीररचनेच्या अज्ञानातून येतो. धमनीतला थर नळाच्या आतल्या गंजासारखा पृष्ठभागावर बसलेला नसतो. तो अंतःस्तराच्या खाली, भिंतीतच वाढतो. त्यामुळे धुण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वाहिन्यांचे रक्षण होते ते एलडीएल दीर्घकाळ कमी राहिल्याने: ते दर डेसिलिटरमागे 39 मिलिग्रॅमने घटले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात, असे स्टॅटिनच्या चाचण्यांवरून दिसते.

आता मंडन. ज्या वनस्पतिज द्रव्यांचा एलडीएलवरचा परिणाम पक्का ठरला आहे, ती मुख्यतः आतड्यातच काम करतात आणि ग्रॅममध्ये लागतात. इसबगोलाचा बुळबुळीत तंतू पित्ताम्ले धरून बाहेर नेतो. नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज सुमारे 10 ग्रॅम इसबगोलाने एलडीएल 7 टक्क्यांच्या आसपास उतरते. वनस्पतींतली स्टेरॉल द्रव्ये कोलेस्टेरॉलच्या शोषणाला अडवतात. रोज 2 ग्रॅमने एलडीएल 8 ते 10 टक्के घटते. हीच द्रव्ये एकत्र आली तर? टोरांटोत 2003 मध्ये डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने ओट्स, जव, इसबगोल, सोया, बदाम, भेंडी, वांगी आणि स्टेरॉलयुक्त मार्गारिन यांचा आहार महिनाभर दिला, तेव्हा एलडीएल 28.6 टक्के घटले. कमी चरबीच्या आहारासोबत लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत 30.9 टक्के. अर्थात तिथे जेवण संशोधकांनी पुरवले होते. लोकांनी आपापल्या घरी सल्ल्याप्रमाणे सहा महिने खाल्ले, तेव्हा 2011 मध्ये घट 13 ते 14 टक्क्यांवर आली. तीही गुग्गुळापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

तरीही स्टेरॉल द्रव्यांनी झटके कमी होतात असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. म्हणून झटका येऊन गेलेल्याने किंवा आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्याने हा आहार औषधाच्या जोडीला घ्यावा, औषधाऐवजी नव्हे. इसबगोल भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने घ्यावे लागते, कारण तो तंतू त्या औषधांचेही शोषण रोखू शकतो.