परवान्याची बचत, बॅकअपची चिंता

अमेरिकेच्या ब्रॉडकॉम कंपनीने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात व्हीएमवेअरच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. एकदा पैसे भरले की सॉफ्टवेअर आपले, ही सोय संपली. आता प्रोसेसरमधील कोअर मोजून वर्गणी द्यावी लागते. तीही एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअरची. जुन्या 'व्हीस्फिअर ७' आवृत्तीचे सर्वसाधारण समर्थनही २ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. महानगरांतील बड्या कंपन्या हा भार कसाबसा सोसतील. दोन-तीन सर्व्हरवर कारभार हाकणाऱ्या सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये यांचे काय? भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात संगणकावरचा व्यवहार पेलतात त्या अशाच संस्था.

एका यंत्रावर अनेक 'आभासी' सर्व्हर चालविण्याचे हे तंत्र व्हीएमवेअरची मक्तेदारी मुळीच नाही. व्हिएन्नाच्या कंपनीचे 'प्रॉक्समॉक्स' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००८ पासून उपलब्ध आहे. ते विनामूल्य वापरता येते; कंपनीचा तांत्रिक आधार हवा असेल तरच वर्गणी भरायची. व्हीएमवेअरवरील आभासी यंत्रे थेट आत ओढून घेण्याची सोय त्यात २०२४ मध्ये आली. त्यामुळे स्थलांतर आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते पुढचे.

रोज रात्री घेतला जाणारा बॅकअप ज्या मंचावर यंत्रे चालतात, त्याच्याशी घट्ट बांधलेला असतो. व्हीएमवेअरमध्ये डिस्कचा कोणता भाग कालपासून बदलला याची नोंद मंचच ठेवतो आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर तेवढाच भाग उचलते. मंच बदलला की हे संधान तुटते. 'वीम' हे बॅकअपचे बहुप्रचलित सॉफ्टवेअर, पण त्यात प्रॉक्समॉक्सचा आधार आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. शिवाय 'आधार आहे' या दोन शब्दांत बरेच काही दडते. वीमच्या त्या पहिल्या आवृत्तीत यंत्राची प्रत निघत होती. मात्र आतील डेटाबेसला विश्वासात घेऊन, अर्धवट व्यवहार पूर्ण करवून प्रत घेण्यासाठी प्रत्येक यंत्रात वेगळे एजंट सॉफ्टवेअर बसवावे लागे. बँकेच्या खतावणीसाठी हा फरक किरकोळ नव्हे.

प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हर २०२० पासून आहे. तोही मुक्तस्रोत, आणि चांगला आहे. त्याच्या बाबतीत यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की बदलांची नोंद पुसली जाते आणि पुढच्या खेपेला सारी डिस्क नव्याने वाचावी लागते. पाठविला जातो तो बदललेलाच भाग, पण रात्रीचे वेळापत्रक कोलमडू शकते. हे सारे निभावता येते. आधी ठाऊक मात्र असावे लागते.

खरी मेख जुन्या प्रतींत आहे. वीमने साठविलेली प्रत प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप सर्व्हरला वाचता येत नाही. सहकारी बँकांना मात्र १९८५ च्या नियमांनुसार वेगवेगळे अभिलेख पाच ते आठ वर्षे जपणे बंधनकारक आहे. नियम सोडा, गरजही तितकीच असते. राज्य सरकारने २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली, तेव्हा १ एप्रिल २००९ पासूनच्या कर्जांचा हिशेब लागला. बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात आणि कर्जमाफीचे पैसे रखडले. लाखांदूर किंवा पवनीच्या धान उत्पादकाला आठ वर्षांपूर्वीच्या थकबाकीचा पुरावा लागतो, तो असा अचानक. तेव्हा प्रत आहे, पण ती वाचणारे सॉफ्टवेअर नाही, असे उत्तर त्याला कसे द्यायचे?

प्रत कुठे ठेवली, हा प्रश्न भंडाऱ्यात पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेचे पाणी थेट शहरात शिरले होते. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच इमारतीच्या तळमजल्यावर असतील, तर सॉफ्टवेअर कोणतेही असो, पुराला सारखेच. याबाबत श्रीमंत देशही गाफील राहतात. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. तेथील 'जी-ड्राइव्ह' या सरकारी साठवणुकीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची बाहेर प्रतच नव्हती.

अनेक लहान बँकांचे सर्व्हर त्यांच्या ताब्यात नसतातच. ते सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे असतात. सी-एज या कंपनीवर हल्ला झाल्यावर ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला देयक यंत्रणेपासून तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार अडले. कंपनीने मंच बदलल्यास आपल्या प्रतींचे काय होणार, हे करारात लिहून घेण्याचा अधिकार संचालक मंडळांना आहे. किती मंडळे तो वापरतात?

म्हणून निविदेत केवळ 'बॅकअपसह' एवढे लिहून भागणार नाही. नव्या मंचावर डेटाबेस यंत्राची प्रत घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून दाखवा, त्यास किती तास लागले ते नोंदवा, आणि हे झाल्याशिवाय अंतिम बिल नाही, अशी अट हवी. वीम कायम ठेवल्यास व्हीएमवेअरवर घेतलेली जुनी प्रत प्रॉक्समॉक्सवर उतरवता येते. ते सोडायचे असेल तर वाचण्यापुरती एक प्रणाली राखावी लागेल. विकत घेतलेला कायमस्वरूपी परवाना वापरण्याचा हक्क समर्थन थांबल्याने संपत नाही. तेव्हा जुना एक सर्व्हर इंटरनेटपासून तोडून, मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवणे शक्य आहे. त्याची वीज, सुटे भाग आणि नागपूरहून येणाऱ्या तंत्रज्ञाची फेरी हा खर्च बचतीच्या तक्त्यात आजच धरावा लागेल.