बेमबेम देवींची एकवीस वर्षे

पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ३ फेब्रुवारी २०२२ रोजी महिला आशिया चषकाचा उपांत्य सामना झाला. जपान आणि चीन यांची २-२ अशी बरोबरी झाली व पेनल्टीवर चीनने बाजी मारली. यजमान भारताचा संघ त्याआधीच बाहेर पडला होता. कोरोनाच्या लागणीमुळे २३ जानेवारीला नवी मुंबईत संघ उभा राहील इतक्या खेळाडूही उरल्या नव्हत्या. या निमित्ताने अनेक घरांत प्रथमच प्रश्न विचारला गेला, की आपल्या देशात मुली फुटबॉल खेळतात तरी कधीपासून?

त्याचे उत्तर ओइनाम बेमबेम देवी यांच्या कारकिर्दीत सापडते. इंफाळमध्ये १९८० साली जन्मलेली ही मुलगी लहानपणी मुलांच्या सामन्यांत ‘बोबो’ असे मुलाचे नाव सांगून खेळत असे. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध भारताकडून उतरली. २००३ मध्ये तिच्याकडे कर्णधारपद आले. मधल्या फळीतून खेळ चालवणे हे तिचे काम.

येथपर्यंतची कथा कौतुकाची आहे. पुढची मात्र व्यापारी वाचकांनी जमाखर्चाच्या नजरेने वाचावी. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे म्हणजे पंचविशी ते तिशी. नेमक्या त्याच काळात भारताचा महिला संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांविना बसून राहिला, इतका की २००९ मध्ये फिफाने त्याचे नाव क्रमवारीतून काढून टाकले. माल उत्तम असावा, पण दुकानाचे शटरच वर जाऊ नये, अशी ही अवस्था. दोष खेळाडूंचा नव्हता. सामने ठरवणे हे त्यांच्या हाती नसते.

बेमबेम मात्र सराव करीत राहिल्या. यात मणिपूर पोलीस दलातील नोकरीचा आधार मोठा होता. वेळेवर पगार येत असेल तरच वाट पाहणे परवडते. २०१० मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले, त्याच वर्षी सॅफ स्पर्धाही भारताने जिंकली, आणि पुढे २०१२ व २०१४ मध्येही. २०१४ साली मालदीवमधील न्यू रेडियंट क्लबकडून त्या खेळल्या. परदेशात महिलांची साखळी स्पर्धा होती, आपल्याकडे नव्हती! अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ४-० असे हरवले आणि सुवर्णपदकासह त्यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

महिलांची पहिली राष्ट्रीय लीग त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. २०१७ च्या आरंभी दिल्लीला तिची मुख्य फेरी झाली, तेव्हा बेमबेम छत्तीस वर्षांच्या होत्या. ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनसोबत त्यांनी ती जिंकली. सहा संघांत आपला एफसी पुणे सिटीही होता. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, हा क्लबच बंद झाला.

२०१७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी हा मान मिळालेली महिला फुटबॉलपटू एकच, शांती मलिक, आणि तेही १९८३ साली. चौतीस वर्षांचे हे अंतर पुरस्कार समित्यांविषयी बरेच सांगते. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू.

मुलगी खेळात पुढे जाऊ इच्छिते तेव्हा ‘यातून पुढे काय?’ असे वडील विचारतात. लक्ष्मी रोडवरच्या पेढीवर बसणाऱ्या पित्याचा हा प्रश्न मला अयोग्य वाटत नाही. फक्त तो मुलीला विचारून भागणार नाही. तिच्या वयोगटाच्या स्पर्धा वर्षाला किती होतात, मैदान कोणत्या वेळी मिळते, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी कोण देते, हे शाळेत आणि जिल्हा संघटनेत जाऊन विचारावे लागेल. दहावीचे वर्ष आले की सराव आपोआप बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. बेमबेम त्या वयात भारताकडून खेळत होत्या.