‘आजी, तू बस!’

घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य प्रेमाचेच आहे, यात शंका नाही. आजी पाणी घ्यायला उठली की नातू धावतो, देवपूजेची फुले सून आणून देते आणि सहा महिन्यांत आजीला खरेच उठता येईनासे होते! गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसवून ठेवणे म्हणजे सेवा, ही समजूत आता सोडायला हवी, असे आम्हांला वाटते.

ज्याला आपण ‘वात’ आणि इंदूरचे आपले शेजारी ‘गठिया’ म्हणतात, तो उतारवयात बहुधा अस्थिसंधिवात असतो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांधा आखडतो. पन्नाशीनंतर स्त्रियांत हे प्रमाण अधिक. मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्याला आधार मिळतो. बसून राहिल्याने नेमके तेच दुबळे होतात. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. असे दहा-दहा वेळा करायला काहीच खर्च नाही. विद्यार्थी मित्रांनो, अंक तुम्ही मोजा! संध्याकाळी सपाट रस्त्यावर आजीबरोबर थोडे चाला. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. नाटक-सिनेमांतले म्हातारे बहुधा उलटेच करतात. वजन जास्त असेल तर ते कमी करण्यासारखे दुसरे औषध नाही. एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पालकांना थोडे कडक बोलावेसे वाटते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने देऊ नका. जठर, मूत्रपिंड व रक्तदाब या तिघांनाही त्या भोवतात. नाव-गाव नसलेल्या ‘रामबाण’ पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. आराम पडतो तो त्याचाच. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर घाबरायचे कारण नाही. मात्र तो तासाहून अधिक राहत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर डॉक्टरांकडे लगेच न्या. तो आमवात असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत आणि उशीर झाल्यास सांधे वाकडे होण्याची भीती असते.

घरात बदल थोडेच लागतात. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी, उंच कमोड, ओट्याजवळ एक स्टूल. पूजाही खुर्चीवर बसून करता येते; देव रागावत नाहीत.

राहिली आपली शाळा. आजी-आजोबांचा मेळावा आपण दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात घेतो, जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि ‘यंदा उपस्थिती कमी’ म्हणून हळहळतो. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, पुढचा मेळावा खाली पटांगणात घ्यावा. मांडवाच्या खर्चाला पालक हातभार लावतील. जिन्याला दुसरा कठडा मात्र सुट्टीतच बसवून घ्यावा. पंगतीत एक ओळ टेबल-खुर्च्यांची असावी, आणि तीही कोपऱ्यात नको, नातवंडांच्या पानांशेजारी असावी.